बियाण्याचा रंग

विशाखा हसली तेव्हा अप्पारावला तिची जीभ दिसली. लेकराची जीभ गुलाबीच असते, पण ही तशी नव्हती. रंगपंचमी होऊन गेल्यावर पोरांच्या नखांत उरतो तसला भडक गुलाबी रंग जिभेच्या मधोमध होता आणि खालच्या ओठाच्या कोपऱ्यात थोडा सुकून बसला होता. नात दीड वर्षाची. दात मोजके, बोलणं त्याहून मोजकं. तिनं आजोबाचा गुडघा धरला, पुन्हा हसली आणि पुन्हा ती जीभ दिसली. अप्पाराव ओट्यावर बसला होता, हातात चहाची बशी होती. आत सून भाकऱ्या थापत होती, तिच्या थापण्याचा आवाज एकसारखा येत होता. ऊन अजून समोरच्या भिंतीवर होतं. त्याला वाटलं, गल्लीत गोळेवाला आला असेल, कुणीतरी लेकराला बर्फ चाटवला असेल. मग वाटलं, शेजारच्या सोनूबाईच्या कुंकवाच्या डबीत हिनं बोट घातलं असेल. काहीही असो, पण ते नसो. असं मनात म्हणत त्यानं बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला. पुढं कितीतरी दिवस त्याला त्या एका घोटाची लाज वाटत राहिली. रंग त्यानं पहिल्या नजरेतच ओळखला होता. मग तो चहा का प्यायला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तो रंग त्याचा रोजचा होता. जालन्यात तेव्हा बियाण्याच्या कंपन्या निघाल्या होत्या. अशाच एका कंपनीच्या शेडमध्ये अप्पाराव ढोलावर होता. बायका हायब्रीड ज्वारी चाळून, निवडून द्यायच्या. ती ढोलात ओतायची, वरून औषध टाकायचं आणि दाण्यादाण्याला औषध लागेपर्यंत ढोल हातानं फिरवत राहायचं. औषध विषारी. पेरलेलं बी किड्यानं, बुरशीनं खाऊ नये म्हणून ते चोळायचं. आणि माणसानं ते बी चुकून जात्यावर घालू नये म्हणून औषधात गुलाबी रंग मिसळायचा. ज्यानं हे ठरवलं त्याच्या घरात लेकरू नसावं, असं आता अप्पारावच्या मनात आलं. ढोलातून निघालेले दाणे दुकानातल्या बडीशेपेच्या गोळ्यांसारखे दिसत. मोठं माणूस ते बघून हात मागे घेईल. लेकरू कशाला घेईल? संध्याकाळी अप्पाराव थुंकला तर थुंकी गुलाबी पडायची. भुवयांत, कानांच्या पाळ्यांमागं, बनियनच्या गळ्याशी तोच रंग. इतकी वर्षं झाली, अप्पाराव त्या रंगाकडं बघायचाही बंद झाला होता.

त्यानं खाली वाकून पाहिलं. खाकी पँटची खालची दुमड. तो ओट्यावर पाय सोडून बसला की दुमड बरोबर विशाखाच्या नाकासमोर येत असे. डाव्या पायाच्या दुमडीत चिमूटभर दाणे होते. उजव्या पायाची दुमड उलटी झाली होती. तिच्यात बोट घालून कुणीतरी ती नीट कोरून रिकामी केली होती.

"बेबीनंदा!"

सुनेला तो नावानं हाक मारत नसे. खाकरायचा, किंवा विशाखाचं नाव घ्यायचा. थापण्याचा आवाज एकदम थांबला. पिठाचे हात घेऊन ती दारात आली.

"काय झालं मामा?"

"पोरीनं दाणे खाल्ले."

"कसले दाणे?"

"माझे," अप्पाराव म्हणाला. मग त्याला वाटलं, हे तिला समजणार नाही. "शेडातले. औषधाचे."

शेजारून सोनूबाई धावली. शेतकऱ्याघरची बाई, गाव सोडून शहरात आली तरी दारात कोंबड्या पाळून होती, आणि गल्लीत कुणाला काही झालं की तिचाच पाय आधी पडायचा. "अगं बघत काय राह्यली? मिठाचं पाणी पाज जल्दी! न्हाई, दूध पाज, दूध! बोट घाल घशात!" तिनं एका दमात सगळं सांगितलं आणि मग स्वतःच म्हणाली, "काईच पाजू नको बाई, दवाखान्यात पळ. मी चुलीपाशी बघते."

बेबीनंदानं पदरानं लेकराचं तोंड पुसलं. पदराला गुलाबी डाग पडला. "धरा हिला, मी चप्पल घालते," असं म्हणून तिनं विशाखाला पुढं केलं. अप्पारावनं हात पुढं केले आणि अर्ध्यातच थांबवले. बाह्यांवर, छातीवर, खिशाच्या शिवणीत सगळीकडं ती भुकटी होती. रोज संध्याकाळी याच छातीवर ती डोकं ठेवायची, याच खिशाचं बटण तोंडात धरायची. "तूच घे," तो म्हणाला. "अनवाणी चल." तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. काही कळत नव्हतं एवढंच होतं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

टांग्यात तो पुढं, टांगेवाल्याशेजारी बसला. मागं बेबीनंदा लेकराशी बोलत होती. झोपू नको, ती बघ म्हैस, ती बघ घंटी, माझी माय, डोळे उघड. मुलगा संपत एसटीत कंडक्टर, आज अंबडकडच्या मुक्कामी गाडीवर गेला होता. तो उद्या येणार. उद्या त्याला काय सांगायचं, हा विचार अप्पारावच्या मनात आला आणि त्यानं तो बाजूला सारला. पण बाजूला सारल्यावर जी जागा मोकळी झाली, तिथं गेल्या वर्षी वारलेली त्याची बायको कौसल्या येऊन उभी राहिली. हातात बादली, पदर खोचलेला, तोंडात एकच वाक्य : हितंच थांबा.

शेडवर लागला त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. तो घरी येऊन मोरीत बसला आणि तिनं त्याच्या पाठीवर पाणी ओतलं, तर मोरीतून गुलाबी ओहळ निघाला. "हे काय?" तिनं विचारलं. "विष," तो म्हणाला आणि हसला. नवी नोकरी, दर शनिवारी हातात पैसे, गावी कुणाच्या बांधावर उभं राहायची गरज नाही, त्या आनंदात त्याला विषाचासुद्धा तोरा होता. "एवढं रोज अंगावर घेतो, तरी बघ तुझा नवरा कसा ठणठणीत हाय." दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा घराच्या बाजूला, बोळात, तिनं तरटाचा आडोसा बांधला होता. आत पाण्याची बादली आणि धुतलेलं धोतर. संपत तेव्हा लहान होता. बापाला बघून तो पळत निघाला तर तिनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं आणि नवऱ्याला म्हणाली, हितंच थांबा. कपडे काढा, अंगावर पाणी घ्या, मंग आत या. काढलेले कपडे तिनं काठीनं उचलले.

तिला त्यातलं काही कळत होतं असं नव्हतं. शिकलेली नव्हती, कुणी तिला सांगितलंही नव्हतं. उवा झाल्या की हीच बाई पोराच्या डोक्याला रॉकेल चोळून त्याला उन्हात बसवायची आणि तो रडला तर वर चापट मारायची. मलेरियाच्या माणसांनी घरात फवारणी केली, तर चांगली झाली, ढेकूण मेले म्हणून शेजारणींना सांगत फिरली. पण शेडातल्या रंगाचं तिनं मनात काहीतरी धरलं होतं. तो उंबऱ्याच्या आत येता कामा नये. बस्. पाऊस असो, थंडी असो, घरात पाहुणे असोत.

पाहुणे होते त्याच दिवशी घोटाळा झाला. वडीगोद्रीहून मामेभाऊ रामकिसन आला होता. अप्पाराव आडोशाला उघडा उभा, कौसल्या लांबून तांब्यानं त्याच्या अंगावर पाणी टाकत होती. रामकिसन ओट्यावरून ते बघत होता. तो मोठ्यानं हसला. "काय रे अप्पा, दीक्षा घिऊन येवढी वर्षं झाली, आन तुला तुझ्याच घरात शिवून घेईनात का?" बाजूच्या दोघी-तिघी बायका हसल्या. कौसल्यासुद्धा हसली. अप्पारावही हसला. आणि हसता हसता त्याच्या अंगावरचं पाणी एकदम गार झालं. गावाकडच्या वाड्याच्या फाटकाबाहेर तो मायसोबत उभा असायचा, ते त्याला आठवलं. मायनं ओंजळ धरलेली, वरून पाणी पडायचं, पाणी ओतणारी बाई मान दुसरीकडं करून उभी. मायच्या कोपरांवरून ओघळलेलं पाणी खाली उभ्या त्याच्या डोक्यावर पडायचं आणि उन्हात ते त्याला बरं वाटायचं. बरं वाटायचं, याचाच पुढं मोठा झाल्यावर त्याला राग आला होता. नवा धम्म घेतला त्या दिवशी त्याच्या बापानं घरातल्या भिंतीवर चुना मारला होता आणि म्हणाला होता, आता आपण कुणाच्या दारात मान खाली घालून उभं राहायचं न्हाई.

त्या संध्याकाळी पाहुणा गेल्यावर अप्पाराव बायकोला म्हणाला, "सगळ्या दुनियेनं बाहेर उभं करून पाह्यलं. तू तेवढी राह्यली होतीस."

कौसल्यानं त्याच्याकडं पाहिलं. काहीतरी म्हणेल असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "उद्यापासून पाणी कढत ठेवते. थंडी पडाय लागली."

दुसऱ्या दिवशी त्यानं बादली लाथेनं पालथी केली आणि शेडच्या कपड्यांनी घरात जाऊन ताटावर बसला. कौसल्यानं त्याला वाढलं. मग संपतला उचललं आणि बाहेर गल्लीत जाऊन बसली, तो अंघोळ करीपर्यंत. लोक जाता-येता विचारत होते, का गं, बाहेर का बसलीस? ती म्हणायची, आत धूर झाला. तसं तिनं तीन-चार संध्याकाळी केलं. शेवटी तो आडोशाला उभा राहायला लागला. पण त्यानंतर कधी तिच्याकडं तोंड करून उभा राहिला नाही. रस्त्याकडं तोंड, ओठ मिटलेले, एखाद्या शिक्षा झालेल्या माणसासारखा. पाणी अंगावर पडलं की धोतर गुंडाळून सरळ आत. वर्षांमागून वर्षं त्यानं ती एक अढी धरून ठेवली. उभं तर राहायचंच होतं. मग दोन शब्द बोलत उभं राहता आलं असतं. आज काय केलंस, पोरगं शाळेत गेलं का, एवढं विचारता आलं असतं. टांग्याच्या घोड्याच्या टापा वाजत होत्या आणि दवाखान्याजवळचा भोकरदन नाका अजून यायचा होता.

डॉक्टरांनी विशाखाला टेबलावर घेतलं. पापण्या उघडून पाहिल्या, जीभ पाहिली. "कसलं औषध?"

"बियाण्याला चोळायचं, सायेब."

"त्याचं नाव काय?"

अप्पारावला पोतं आठवत होतं, पोत्यावरची कवटी आणि तिच्याखालची दोन हाडं आठवत होती. नाव इंग्रजीत असायचं.

"रोज त्यात हात घालता आणि नाव माहीत नाही?" डॉक्टर म्हणाले. पण ते रागावले नव्हते. हातांनी भराभर नळी काढत होते. बेबीनंदाला त्यांनी लेकराचं डोकं धरायला लावलं. अप्पारावला म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा."

बाहेर थांबायला सांगितल्याचं त्याला आज पहिल्यांदा वाईट वाटलं नाही. तो व्हरांड्याच्या पायरीखाली जाऊन उभा राहिला. आतून नातीचं ओरडणं येत होतं. ओरडते आहे तोवर बरं आहे, असं तो स्वतःला सांगत होता. मग ओरडणं थांबलं. तो काळ किती होता ते त्याला नंतर आठवेना. मग उलटीचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ रडणं, दमलेलं, बारीक.

दुष्काळात असंच एकदा झालं होतं. चार-पाच वर्षं झाली त्याला. रेशनवर लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी, मिळायचा, तोही वेळेवर नाही. शेडमध्ये जमिनीवर सांडलेलं, औषध लागलेलं बी झाडून टाकायचं असायचं. ते लोक गुपचूप पिशवीत भरून घरी न्यायला लागले. सात पाण्यांनी धुतलं की काही होत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पहिलं पाणी लाल, दुसरं गुलाबी, मग फिकट, सातवं पाणी विहिरीसारखं स्वच्छ. रंग गेला की विष गेलं. अप्पारावनंही एक पिशवी आणली. कौसल्यानं ती उघडून पाहिली आणि मागच्या अंगणात खड्डा खणून तिथं पुरली. घरात दाणा नसताना. "माजलीस का तू?" तो ओरडला होता. "लोक खाऊन राह्यले, त्यांना काय झालं?" त्यानंतरच्या आठवड्यात ढोलावरचा त्याचा जोडीदार भिवा कामावर आला नाही. त्याचं सगळं घर उलट्या-जुलाबांनी आडवं झालं होतं. बरा होऊन आल्यावर भिवा सारखा एवढंच म्हणायचा, "पाणी बिलकुल साफ निघाल्तं रे. डोळ्यानं पाह्यलं मी." अप्पारावनं घरी येऊन हे कौसल्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बरोबर होती असं म्हणावं लागलं असतं. आणि आता पायरीखाली उभं असताना त्याला वाटलं, तेवढं एक तिला सांगायला पाहिजे होतं. फार मोठं नव्हतं. भिवाच्या घरी असं झालं, एवढंच.

नातीला रात्रभर तिथंच ठेवून घेतलं. सकाळी ऊन पायऱ्यांवर आलं तेव्हा बेबीनंदा बाहेर आली आणि खांबाला टेकून बसली. विशाखा आत झोपली होती. दूध पोटात राहिलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दाणे थोडेच होते, आणि पोरीनं बहुतेक चावून थुंकलेही असतील. वेळेत आणली. पण आणखी काही दिवस लघवीवर लक्ष ठेवा, अंगावर सूज दिसली तर लगेच या. सूज हा शब्द ऐकून अप्पारावनं मान वर केली होती.

बेबीनंदा धावड्याकडची, लग्न होऊन तीनेक वर्षं झालेली. सासूबरोबर ती दोन-सव्वादोन वर्षंच राहिली होती. कमी बोलायची. आता ती आपणहून बोलायला लागली.

"मामा, माझंच चुकलं."

"तुझं काय चुकलं?"

"आत्याबाई तुम्हाला बाहेर उभं करायच्या. मला वाटायचं, तुमचं दोघांचं काही तरी जुनं भांडण हाय. तुम्ही कसे तोंड फिरवून उभे राह्यचे. मला लई कसंनुसं व्हायचं बघा. सासरा माणूस, दिवसभर राबून येतो, आन बाहेर उघडा उभा. त्या गेल्या, मंग मी म्हणलं, आता तरी मामांना मानानं घरात येऊ द्यावं. म्हणून मी बादली न्हाई ठेवली."

कौसल्या गेल्यानंतर तो पहिल्यांदा कामावर गेला, त्या दिवशीची संध्याकाळ त्याच्या डोळ्यांसमोर होती. सवयीनं तो बोळात गेला होता आणि तरटाच्या आडोशाला उभा राहिला होता. रस्त्याकडं तोंड करून. पाठीवर पाणी पडायची वाट बघत. पाणी पडलं नाही. मागं वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं. मग दारातून सून म्हणाली, मामा, तिकडं काय करता, या ना आत, चहा ठेवलाय. आणि तो आत गेला. आपल्याच घरात, सगळ्यांदेखत, कपड्यांसकट आत गेला, आणि खोटं कशाला बोला, त्या दुःखातही त्याला बरं वाटलं होतं. विशाखा रांगत आली. त्यानं तिला उचलून छातीशी धरलं. लेकराच्या अंगाची ऊब लागल्यावर तो बायको गेल्यापासून पहिल्यांदा रडला होता. त्या मिठीची त्याला इतकी गरज होती. त्यानंतर रोज घेतली.

"तुला कुणी सांगितलं न्हाई," तो बेबीनंदाला म्हणाला. "तिनं न्हाई सांगितलं, आन मी तर... मला माहीत असून मी..." त्यानं पँटच्या उलट्या दुमडीकडं पाहिलं. "तू मला मान द्यायला गेलीस. तुझं चुकलं न्हाई."

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. दुपारी घरी न्या म्हणाले. अप्पाराव उठून त्यांच्यामागं चार पावलं गेला.

"सायेब, लहान लेकराचं समजलं. मोठ्या माणसाला काय होतं ह्यानं?"

"का? तुम्हाला काही होतंय का?"

"मला न्हाई." त्यानं घसा साफ केला. "समजा, एखादी बाई असे कपडे रोज धुवत असेल. बरीच वर्षं. हातानं."

डॉक्टरांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "काय त्रास होता तिला?"

होता, असं डॉक्टर म्हणाले. आहे का, असं नाही विचारलं. अप्पारावला तळहात आठवले. कौसल्याच्या तळहातांची साल निघायची, उन्हाळ्यातसुद्धा. शेवटच्या दोन वर्षांत सुईत दोरा ओवताना तिचे हात थरथरायचे आणि ती म्हणायची, नजर गेली माझी. मग पायांवर सूज, मग तोंडावर. मूत्रपिंडं गेली, असं तेव्हा सांगितलं होतं. कशानं गेली, ते कुणी विचारलं नव्हतं, कारण माणसं आजारी पडतात आणि मरतात. त्यानं हे सगळं सांगितलं, थोडक्यात, जमिनीकडं बघत.

"असू शकतं," डॉक्टर म्हणाले. "नसूही शकतं. आता सांगता येणार नाही."

घरापर्यंत येताना तो हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता. सांगता येणार नाही. कुणी ठामपणे हो म्हटलं असतं तर त्याला पक्कं दुःख करता आलं असतं. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. आता दोन्हीही नाही. लेकराला विष लागू नये म्हणून तिनं ते दारातच अडवलं, आणि अडवायला तिच्याकडं स्वतःच्या हातांशिवाय दुसरं काही नव्हतं. तो मात्र या साऱ्या वर्षांत तिनं आपल्याला बाहेर उभं केलं एवढंच धरून बसला होता.

घर आलं. बेबीनंदा लेकराला घेऊन आत गेली. सोनूबाई भाकरी झाकून ठेवून गेली होती, तिनं दारातूनच बोटं मोडून विशाखाची दृष्ट काढली आणि अप्पारावला म्हणाली, "मामा, तुमी बी बसा आता, जीव थाऱ्यावर आणा." तो बसला नाही. बोळात गेला. तरट केव्हाच फाटून गेलं होतं, भिंतीत दोन खिळे तेवढे राहिले होते. त्यानं जुनं लुगडं आडवं बांधलं, अंगावरचं सगळं काढलं, कालपासूनचे तेच कपडे, आणि अंघोळ केली. मग कपडे बादलीत घातले.

"द्या मामा, मी धुते," बेबीनंदा दारातून म्हणाली.

"न्हाई. तू हात लावायचा न्हाई. कधीच. मी धुतो, आन मी नसलो तर तशेच पडू दे."

त्यानं काठीनं कपडे ढवळले. त्याच्या हातानं कपडे धुवायची ही पहिलीच वेळ होती. दुमडी उलट्या केल्या, खिसे उलटे केले, दाणे वेगळे वेचून चिंधीत बांधले. ते कुठंतरी खोल पुरता आले असते. पिळलेले कपडे खिळ्यांवर टाकले. बादलीत पाणी राहिलं, भडक गुलाबी, वर साबणाचा फेस.

"मामा," बेबीनंदानं विचारलं, "आत्याबाई हे पाणी कुठं टाकायच्या?"

अप्पारावनं सांगायला तोंड उघडलं आणि त्याला कळलं की आपल्याला माहीत नाही. तो धोतर गुंडाळून आत जायचा आणि ताटावर बसायचा. थोड्या वेळानं कौसल्या पदराला हात पुसत आत यायची आणि वाढायला घ्यायची. मधल्या वेळात ती बादली घेऊन कुठं जायची, हे बघायला त्यानं एकदाही मान वळवली नव्हती.

बादली उचलून तो निघाला. बोळातली नाली सोनूबाईच्या दारावरून जात होती, तिथं कोंबड्या चोची बुडवत होत्या. मागच्या अंगणात लिंबाच्या बुडाशी विशाखा माती खात बसायची. पलीकडचं मोकळं मैदान गल्लीतल्या पोरांचं. नदीवर जावं तर कुंडलिकेच्या वाळूत बायका झिरे खणून प्यायचं पाणी भरत होत्या. कुठंतरी एक जागा तिनं शोधली असणार. किंवा तिचंही कुठंतरी चुकलं असेल. तो सोनूबाईच्या दाराशी थांबला.

"सोनूबाई, संपतची माय हे पाणी कुठं टाकायची, तुम्ही पाह्यलं का कधी?"

सोनूबाईनं आठवून पाहिलं. "काय की. बादली घिऊन जाताना पाह्यली मी रोज. रिकामी घिऊन येताना बी पाह्यली. लई लांब जायची एवढं खरं. मी म्हणायचे, कौसल्याबाई, नाली हाय की दारात. तर नुसती हसायची."

बादली घेऊन तो परत आला. हाताला कडी रुतली होती. त्यानं ती बोळाच्या तोंडाशी, दारापासून जमेल तेवढी लांब ठेवली. विशाखा आईच्या कडेवरून उतरून उंबऱ्याशी आली होती, अजून पायांत जोर नव्हता, तरी भिंत धरून ती त्या गुलाबी पाण्याकडं बघून काहीतरी बोलत होती. तिला ते आवडलं होतं. अप्पारावनं बादलीवर लाकडी पाट झाकला आणि वर हात ठेवून तिथंच जमिनीवर बसला.

"मामा, आत या, जेवून घ्या," बेबीनंदा म्हणाली. "हे येतील संध्याकाळी, मंग बघू पाण्याचं."

"तिला आत घे," अप्पाराव म्हणाला. "दार लावून घे. मी हाय हितं."